आपल्या खेळघराचे रंग

स्मरणिकेचे विषय वाटले तेव्हा बागेतलं लाकडी खेळघर माझ्या वाट्याला आलं. "काका, त्याचा इतिहास तो काय असणार?" असं समितीतल्या तरुण मंडळींनी हसत विचारलं. पण इतिहास आहे, आणि तो लाकडापेक्षा रंगात जास्त आहे.

आपलं खेळघर सोसायटीपेक्षा वयानं मोठं आहे. पाडलेल्या एका जुन्या वाड्याच्या सागवानी फळ्या आणि झडपा आणून सुतारानं ते उभं केलं. आधी ते निळं होतं, मग हिरवं झालं, आता पिवळं-लाल आहे. खिडकीच्या कडेला जिथं पोपडा उडालाय तिथं बोट लावून पाहा, हे सगळे थर एकाखाली एक दिसतील. सगळ्यात खालचा थर वाड्याचा आहे, आपला नव्हे.

आपल्याकडं लाकडाला असा डब्यातला रंग देण्याची चाल फार जुनी नाही. धाब्याच्या घराच्या भिंतींना पांढरी माती, गेरू, चुना. दाराला आणि बैलगाडीला तेल. तेही बहुतेक रानातल्या जवसाचं. पोरांच्या खेळण्यांना रंग असायचा, पण तो वेगळा. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळं नि भातुकली करून रंगवत आले. कातावर फिरणाऱ्या खेळण्याला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते. ती खेळणी घरात राहायची. उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या लाकडाला मात्र तेलरंगच लागला.

मोहोळला आगगाडी 1860 साली आली. मुंबईत 1942 साली एशियन पेंट्स ही कंपनी निघाली, आणि 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी 'गट्टू' काढला. हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेलं ते खोडकर पोर माझ्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल. रंग म्हणजे दिवाळी, असं आमच्या डोक्यात तेव्हापासून बसलं.

त्या काळच्या तेलरंगात काय असायचं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जुना सफेदा बहुधा शिशाचा. लोखंडाला अस्तर म्हणून देतात तो शेंदरी रंग शिशाचा. झळझळीत पिवळा शिशाच्या क्रोमेटचा. शिशानं रंग लवकर वाळतो, अंगाला घट्ट धरतो आणि टिकतो, म्हणून रंगाऱ्यांना तो आवडायचा.

त्याचा धोका पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो आपल्यासारख्याच कडक उन्हाच्या मुलखात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात लाकडी घरं नि रंगवलेल्या व्हरांड्याचे कठडे असत. तिथले डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 साली मांडलं की मुलांना होणारी शिशाची विषबाधा या कठड्यांवरून येते. उन्हानं रंगातलं तेल मरतं, वर पिठासारखी भुकटी उरते, ती हाताला लागते आणि बोटं तोंडात जातात. 1921 साली जिनिव्हात कामगार संघटनेनं घरांच्या आतल्या कामात शिशाचा सफेदा वापरण्यावर बंधन घालणारा करार केला. 1922 साली क्वीन्सलँडनं मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग देण्याला कायद्यानं मनाई केली. आपल्या देशात घरगुती रंगांसाठीचा नियम 2016 साली निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. दहा लाख भागांत शिसं 90 भागांपेक्षा जास्त नको, आणि तसं डब्यावर छापलेलं हवं.

आता आपल्या खेळघराकडं या. वरचा थर नव्या नियमानंतरचा आहे. खालचे त्याआधीचे आहेत. मे महिन्यातलं मोहोळचं ऊन काय असतं ते सांगायला नको. फळ्यांचा तळ मात्र मातीतली ओल शोषतो, म्हणून पोपडे तिथूनच सुटतात. नेमक्या तेवढ्याच उंचीवर आपली रांगती पोरं असतात.

"आमची पोरं याच घरात खेळून मोठी झाली, काय झालं त्यांना?" असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. प्रश्न रास्त आहे. पण शिशाची बाधा गोवरासारखी अंगावर उमटत नाही. ती लहान मुलाच्या मेंदूवर हळूहळू परिणाम करते, आणि किती शिसं चालतं याची सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. दिसलं नाही म्हणजे झालं नाही, असं म्हणता येत नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या रंगकामाबद्दल माझी सूचना एवढीच. आधी खालच्या थराचा तुकडा तपासून घ्यावा. तोवर जुना रंग दिव्यानं जाळू नये, कोरड्या पॉलिश कागदानं घासू नये. शिशाची धूळ उडते ती त्यानंच. लाकूड ओलं ठेवून खरवडावं, खाली ताडपत्री अंथरावी, मुलं आणि गरोदर बायका लांब असाव्यात, खरवड पिशवीत बांधून वेगळी काढावी, झाडांच्या आळ्यात टाकू नये. तळाच्या फळ्या दगडावर उचलून घ्याव्यात. लाकूड पुरतं वाळू द्यावं, भेगांत लांबी भरावी, अस्तर द्यावं आणि वर दोन हात. डबा घेताना शिशाची ओळ वाचूनच घ्यावा. तपासणीत शिसं फार निघालं, तर त्या फळ्या बदलाव्यात. लाकडाचा लोभ धरू नये.

दिवाळीआधी, पाऊस उघडला की काम काढावं. रंग कोणता द्यायचा ते मुलांना विचारावं. बी विंगेतल्या चिमुरड्यांनी जांभळा मागितलाय, असं कानावर आलं आहे. समितीनं तो मंजूर करावा.