देवमासा आणि माझी लाल शाई

मराठी घेऊन बीए झालेल्या बाईवर विज्ञान शिकवायची वेळ आली की काय होते, ते मी अनुभवले आहे. शाळेत विज्ञानाचे शिक्षक नव्हते म्हणून सहावीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. सहामाहीत एका कोळ्याच्या मुलाने लिहिले, 'देवमासा हा सर्वांत मोठा मासा आहे.' मी लाल शाईने भोपळा दिला, आणि वर त्याचे उत्तर वर्गात वाचून दाखवले. पोरे खो खो हसली. तो खाली मान घालून पुटपुटला, "बाई, नावातच मासा आहे ना!"

मला उत्तर सुचले नाही. मी त्याला बसायला सांगितले.

निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा याचा इतिहास वाचला. इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नोंदले होते, की डॉल्फिन फुप्फुसाने श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. त्याने हा गट माशांपासून वेगळा ठेवला. तरी १७३५ मध्ये लिनियसने आपल्या वर्गीकरणात देवमाशाला माशांतच बसवले! १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ते बदलले आणि देवमासा सस्तन प्राण्यांत आला.

तरी लोकांना पटले का? १८१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चक्क खटला झाला. माशांच्या तेलाची तपासणी करून घ्यावी असा कायदा होता. सॅम्युअल जड या व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलाची तीन पिंपे तपासणीशिवाय घेतली. देवमासा मासाच नव्हे, हा त्याचा बचाव. सॅम्युअल मिचिल या नामवंत निसर्गअभ्यासकाने त्याच्या बाजूने साक्ष दिली. पण ज्यूरीने पाव तासात निकाल दिला तो जडच्या विरुद्ध!

फसगत व्हावी असेच ते रूप आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी देवमाशाचे पूर्वज चार पायांवर चालत होते. पाण्यात राहता राहता अंग निमुळते झाले, पुढच्या पायांची वल्ही झाली, मागचे पाय गेले. पण वल्ह्यात हाताची हाडे अजून आहेत. मासा शेपूट डावीउजवीकडे हलवतो, देवमासा खालीवर. धावणाऱ्या जनावराचा कणा वाकतो तसाच. आणि श्वासासाठी त्याला वर यावेच लागते.

लिनियससारख्याला आपली चूक सुधारायला २३ वर्षे लागली. त्या अकरा वर्षांच्या पोराला मी दोन तासांचा पेपर दिला होता.

तो आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. तो पेपर आज हाती आला तरी गुण मी देणार नाही, उत्तर चूकच आहे. पण वर्गात वाचून दाखवणार नाही. त्याला जवळ बोलावून म्हणेन, "बाळ, नावात मासा कसा आला, ते आपण दोघे मिळून शोधू या."

असो. तेव्हा सुचायला हवे होते.