भिऱ्याची वीज, मुंबईची लोकल आणि रोह्याचं डिझेल

इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की आपण लगेच रेंज किती, सबसिडी किती, चार्जिंग कुठे, यावर येतो. आज मला शंभर वर्षं मागे जायचंय. आणि जायचंय कुठे, तर रायगड जिल्ह्यातल्या अष्टमीला.

अष्टमी आणि रोहा, नगरपरिषद एकच, मध्ये कुंडलिका नदी. कोकणातल्या बहुतेक नद्या मे महिन्यात नुसते दगडगोटे दाखवतात. कुंडलिकेला मात्र भर उन्हाळ्यातही पाणी असतं. का? तर त्यातलं बरंचसं पाणी मुळात तिचं नाहीच. ते घाटावरचं, मुळशीचं आहे. मुळा नदी निसर्गाने पूर्वेला पाठवलेली. पुणे, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात जाणारी. टाटांनी मुळशीला धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आणि जवळपास ५०० मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. टर्बाइन फिरवून झालं की ते कुंडलिकेत येतं आणि अष्टमीवरून रेवदंड्याच्या खाडीला जातं.

आता वर्षं बघा. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. तिन्ही वीजघरं आजच्या रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. वीज मात्र जायची मुंबईला. आधी मुख्यतः कापडगिरण्यांना, मग रेल्वेलाही.

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं? ट्राम १९०७ मध्येच घोडे सोडून विजेवर आली होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली इलेक्ट्रिक ट्रेन धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. (हे डीसी मुंबईत २०१६ पर्यंत टिकलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला लेगसी सिस्टिम म्हणतात, कोणी हात लावायला धजत नाही.) जीआयपी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं कोळशाचं वीजघर उभारलं. पण बीबीसीआय, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, तिने जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली लोकल विजेवर आणली, तेव्हा वीज घेतली टाटांकडून. भिरा सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

म्हणजे देशाचं इलेक्ट्रिक वाहतुकीचं पहिलं मोठं पाऊल पडलं, त्याला आपल्या जिल्ह्यातल्या पाण्याचा हातभार होता. अभिमान वाटतो ना? मलाही वाटला. मग मी मुळशीबद्दल वाचायला लागलो.

मुळशीचं खोरं म्हणजे आंबेमोहोर भाताचं खोरं. धरणाखाली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यासोबत उभे राहिले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केलं. जगातल्या धरणविरोधी लढ्यांपैकी अगदी सुरुवातीचा हा लढा. बायाबापड्यांनी मार खाल्ला, माणसं तुरुंगात गेली. शेवटी १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामावर जाणारी रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. धरण झालंच. सावकार-जमीनदारांपैकी काहींनी मोबदला घेऊन समझोता केला. कुळांच्या हातात काय पडलं, ते वेगळं सांगायला नको. मुंबईच्या लोकलमध्ये पंखे फिरले त्याचं बिल या लोकांनी भरलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खाली, जिथून हे पाणी वाहतं, तिथे काय झालं? रोह्याला रेल्वेच आली १९८६ मध्ये. पुढे रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू झाली आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. सगळं डिझेलवर! भिऱ्याच्या तारा डोक्यावरून मुंबईला चालल्यात आणि खालून गाडी धूर सोडत चाललीये, हे चित्र वर्षानुवर्षं होतं. रोह्यापर्यंत रेल्वेच्या विजेच्या तारा आल्या त्या गेल्या दशकाच्या अखेरीस. रोहा ते ठोकूर हे ७४१ किलोमीटरचं विद्युतीकरण पूर्ण झालं मार्च २०२२ मध्ये. भिऱ्यापासून मोजलं तर नव्वदच्या वर वर्षं गेली. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. गोव्याच्या पर्यटकांची सोय झाली. सुरू झाली तेव्हा ती पनवेल सोडल्यावर थेट खेडला थांबायची. रोहा खिडकीतून बघायचं.

पर्यटनात रोह्याच्या वाट्याला काहीच आलं नाही असं मात्र नाही. कोलाडचं राफ्टिंग तुम्ही केलं असेल. सकाळी लवकर या, असं ते का सांगतात? कारण वीज तयार करून सुटलेलं पाणी सकाळी येतं. त्या पाण्यावर राफ्ट चालतात, त्यावर घरगुती जेवण, टेंट, गाईड यांचं पोट. धरणवाल्यांनी हे ठरवून केलेलं नव्हतं.

आता याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या टोकाला या, माथेरानला. तिथे मोटारगाड्यांना बंदी. दस्तुरी नाक्यापासून पुढे घोडा, पायी किंवा माणसाने ओढायची हातरिक्षा. परवानाधारक ९४. दम्याने छाती भरून येईपर्यंत ओढायचं, कारण दुसरं काम नाही. यांनीच ई-रिक्षा मागितली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली, डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा धावल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता आणि त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही, गिऱ्हाईक तेच आहे ना.

६ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा. पण मला त्या आदेशातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. ई-रिक्षा आधी कोणाला? जे हातरिक्षा ओढत होते त्यांना. सरकारने त्या विकत घेऊन त्यांना भाड्याने द्याव्यात, गुजरातमध्ये केवडियाला करतात तशा. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. आणि त्यानंतर उरतील त्या आदिवासी महिला आणि माथेरानच्या इतर रहिवाशांसाठी.

मुळशीच्या माणसांना १९२१ मध्ये असं कागदावर काही मिळालं नव्हतं. माथेरानला मिळालंय. तुमच्यापैकी कोणी नुकतंच तिकडे जाऊन आलं असेल, तर ई-रिक्षा चालवणाऱ्याला विचारलंत का, की दादा, आधी तुम्ही काय करायचात? उत्तर कमेंटमध्ये टाका.