जड हायड्रोजनची चाळणी

'डायसन स्फिअर प्रोग्रॅम' हा चीनमधल्या एका लहान चमूने २०२१ साली आणलेला खेळ. ग्रहाग्रहांवर कारखाने उभारत अखेर ताऱ्याभोवती कवच बांधायचं. कोळशाची वीज पुरेनाशी झाली की खेळाडू संलयनाकडे वळतो. माझ्याही १५ मेगावॉटच्या भट्ट्या रांगेने उभ्या होत्या आणि निम्म्या उपाशी. ड्यूटेरियम पुरत नव्हतं.

फ्रॅक्शनेटरमधून जाणाऱ्या हायड्रोजनपैकी जेमतेम एक टक्का ड्यूटेरियम बनतो. उरलेला पट्ट्याचा वेढा करून पुन्हा त्याच यंत्रात सोडायचा. एका वेढ्यावर बरीच यंत्रं ओळीने लावली तर शेवटच्यांपर्यंत पट्टा विरळ होतो. म्हणून प्रत्येकापुढे ताज्या हायड्रोजनची भर घालायची. भट्ट्या वाढवून काही होत नाही.

एक टक्का ही खेळाने दाखवलेली दयाच. पृथ्वीवरच्या पाण्यात सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक जड असतो. हॅरल्ड यूरीने तो १९३१ साली शोधला आणि काही वर्षांतच नॉर्वेत व्हेमॉर्कला जड पाणी निघू लागलं. जलविद्युत मुबलक होती, तिच्यावर पाण्याचं विघटन करून खतासाठी हायड्रोजन काढत. हलका हायड्रोजन आधी निसटतो, जड मागे रेंगाळतो. उरलेलं पाणी पुढच्या टप्प्याला द्यायचं, पुन्हा तेच. हे पाणी जर्मन अणुसंशोधनाच्या हाती पडू नये म्हणून फेब्रुवारी १९४३मध्ये नॉर्वेजियन कमांडोंनी तिथली विघटनपात्रं उडवली. आपल्याकडे १९६२ साली नांगलला हीच जोडी जमली: भाक्राची वीज, खताचा कारखाना आणि त्याला चिकटून जड पाणी.

चाळणीचा इतिहास खेळाने असा नकळत नीट सांगितला आहे. भट्टीचा मात्र गाळूनच टाकला. तिथे ती ठेवली की चालते. होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हात, दोन दशकांत नियंत्रित संलयनाचा मार्ग सापडेल, असं भाकीत केलं होतं. १९९७ साली इंग्लंडमधल्या जेट या टोकामाकने १६ मेगावॉट गाठले, म्हणजे खेळातल्या एका भट्टीइतके, तेही क्षणभर आणि प्लाझ्मा तापवायला सुमारे २४ मेगावॉट ओतून.

शिवाय नुसत्या ड्यूटेरियमवर नाही. जोडीला ट्रिशियम लागलं. खेळात त्याचं नावही नाही. ते साधारण बारा वर्षांत निम्मं होतं, निसर्गात जवळपास सापडतच नाही. व्यवहारात मिळतं ते मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमधून, आणि तिथेही पाण्यातून वेगळं काढावं लागतं.