महाराष्ट्रातील भाषाकुले आणि निहालीचे स्थान

प्रस्तावना

भाषांचे कुलवार वर्गीकरण ही तशी अलीकडची ज्ञानशाखा होय. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाचा विचार मांडला. फ्रान्सिस एलिस (१८१६) आणि रॉबर्ट कॉल्डवेल (१८५६) यांनी द्राविड भाषांचे स्वतंत्र कुल दाखवून दिले. जगातील भाषाकुलांचा नकाशा पाहताना महाराष्ट्र सामान्यतः एका रंगात, इंडो-युरोपीय म्हणून, रंगविलेला आढळतो. वस्तुस्थिती अशी एकरंगी नाही. मराठी ही इंडो-युरोपीय कुलाच्या भारतीय-आर्य शाखेतील. गडचिरोलीकडील गोंडी व यवतमाळ परिसरातील कोलामी या द्राविड. तर मेळघाटातील कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील. धारणीच्या बाजारात मराठी व कोरकू भाषक समोरासमोर येतात, तेव्हा एकाच्या भाषेचे आप्त आइसलँडपर्यंत आणि दुसऱ्याच्या भाषेचे आप्त व्हिएतनाम-कंबोडियापर्यंत पसरलेले असतात. बुलढाणा जिल्ह्यातील निहाली मात्र यांपैकी कोणत्याच कुलात निर्विवादपणे बसत नाही.

पुण्यातील अभ्यासपरंपरा

पुण्यात १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज आकारास आले. १९३४ मध्ये बंद पडलेली ही संस्था १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभी राहिली. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९५४ पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने तेथे भाषाशास्त्राचे वर्ग भरू लागले व देशभरातील अध्यापकांना वर्णनात्मक भाषाशास्त्राची ओळख झाली. याच सुमारास मरे एमेनो यांचे कोलामीचे व्याकरण (१९५५) आणि भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' असल्याचे प्रतिपादन करणारा निबंध (१९५६) प्रसिद्ध झाला. भिन्न कुलांतील भाषा दीर्घ सहवासाने एकमेकींसारख्या होतात, हा त्यातील विचार मराठीस विशेष लागू पडतो. ऐकणाऱ्यास वगळणारे 'आम्ही' व त्यास सामावून घेणारे 'आपण' हा भेद द्राविड भाषांत रूढ आहे. मराठीत तो त्यांच्या सहवासातून आला असावा, असे अभ्यासक मानतात. कुल भाषेचा वंश सांगते. तिचा शेजार सांगत नाही.

निहाली

निहाली जळगाव-जामोद तालुक्यातील काही गावांत बोलली जाते. भाषकसंख्या सुमारे दोन-अडीच हजार. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी ती मुळात कोरकूसारखी मुंडा बोली असावी व नंतर तीत द्राविड आणि आर्य भाषांची भर पडली असावी, असे मत दिले. एफ. बी. जे. कॉयपर यांनी १९६२ मध्ये शब्दसंग्रहाची छाननी केली. त्यांना कोरकूतील शब्द विपुल आढळले, द्राविडही आढळले. तथापि सुमारे एक चतुर्थांश शब्दांचा संबंध कोणत्याही ज्ञात भाषेशी लागेना.

संख्यावाचक शब्द या दृष्टीने बोलके आहेत. 'बिडुम' (एक) हा शब्द निहालीचा स्वतःचा दिसतो; 'इरार', 'मोठो', 'नालो' (दोन, तीन, चार) द्राविड वळणाचे आहेत (कन्नडमधील एरडु, मूरु, नाल्कु आठवावेत); पाचापासून पुढे आर्य भाषांचा आधार आहे. 'जोप्पो' म्हणजे पाणी. पाण्यासारखा नित्याचा शब्द सहसा उसना घेतला जात नाही, म्हणून अशा शब्दांना अधिक महत्त्व आहे.

निहाली ही गुप्त, सांकेतिक बोली असावी अशी शंकाही कॉयपर यांनी नोंदविली होती. ती फारशी पटण्यासारखी नाही. सांकेतिक बोली सामान्यतः अवतीभोवतीच्या भाषेचे व्याकरण ठेवून शब्द बदलते. त्यामुळे एखाद्या जमातीविषयीच्या जुन्या पूर्वग्रहाने तिच्या भाषेचे स्वरूप ठरविणे शास्त्रीय म्हणता येत नाही. युरोपात स्पेन-फ्रान्स सीमेवरील बास्क भाषेस एकाकी भाषा म्हणून मान्यता आहे. निहालीचा विचारही त्याच पातळीवर व्हावयास हवा.

डेक्कन कॉलेजातील के. एस. नागराज यांचे कोरकूचे व्याकरण १९९९ मध्ये आणि निहालीवरील ग्रंथ २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र जनगणनेच्या तक्त्यांत निहाली सापडत नाही, कारण १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. २०११ च्या तक्त्यात मराठीचे ८.३० कोटी व कोरकूचे ७.२७ लाख भाषक आहेत. निहाली भाषक 'इतर' या सदरात जातात. हे भाषक कोरकू, मराठी व हिंदीही बोलतात आणि त्यांच्या मुलांचे शालेय शिक्षण मराठीतून होते.