पावसाच्या भरवशावरची पेरणी

सिअ‍ॅटल परिसरात घरामागच्या लॉनविषयी एक मत इतकं रुजलं आहे, की त्याला कोणी हटकत नाही. उन्हाळ्यात गवत विरळ झालं तर घाई करू नका. ऑक्टोबरात पाऊस लागला की जुन्या गवतावरच नवं बी फेकून द्या. समुद्राकाठची सौम्य हवा, कडाक्याची थंडी नाही, पाणी वरून फुकट. रेडमंड-बोथेलकडच्या मराठी घरांना तर हे लगेच पटतं, कारण पहिल्या पावसावर पेरणी हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. यातलं ‘शरदात पेरा’ एवढंच खरं आहे. ‘पाऊस लागल्यावर’ हे चूक आणि ‘फेकून द्या’ हे त्याहून चूक.

मृगाच्या सरी पडतात त्या तापलेल्या जमिनीवर. कोकणात जूनमध्ये ऊब आणि ओल एकदमच मिळते, म्हणून बी चार-सहा दिवसांत वर येतं. सिअ‍ॅटलचा पाऊस उलट्या पावलांनी येतो. वर्षाकाठी तो जेमतेम १००० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्माही नाही. जुलै-ऑगस्ट मिळून ४० मिलिमीटरच्या आसपास आणि एकट्या नोव्हेंबरात १६० च्या घरात. तो जोर धरतो तेव्हा ऊन निघून गेलेलं असतं. सप्टेंबरच्या आरंभी दिवस तेरा तासांहून मोठा असतो, ऑक्टोबर संपताना दहा तासांवर येतो आणि डिसेंबरात साडेआठ तासही धड भरत नाहीत, तेही ढगांखाली. मुंबईचा सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. म्हणून आपल्याकडचा अनुभव इथे दगा देतो.

पूर्वपक्ष एक नियमही पुढे करतो: पहिलं दव गोठण्याच्या ४५ दिवस आधी पेरणी उरकावी. नियम खोटा नाही, फक्त तो अमेरिकेच्या अंतर्भागातला आहे. तिथे हंगाम थंडी संपवते, आणि ती झडप घातल्यासारखी येते. सिअ‍ॅटल शहरात दव गोठायला नोव्हेंबरचा मध्य उजाडतो. मग हिशोबाने ऑक्टोबर उजाडेपर्यंत सवड आहे असं वाटतं आणि माणसं ती सवड आणखी ताणतात. पण या किनाऱ्यावर हंगाम थंडीमुळे संपत नाही. उजेड आटल्याने आणि जमीन गार चिखल झाल्याने संपतो. हवा सौम्य आहे हा पुरावा नव्हेच. गवताचं बी उगवायला मातीचं तापमान साधारण १० ते १८ अंश सेल्सियस लागतं, आणि ऑक्टोबरअखेर इथली माती त्याच्या खालच्या टोकाला टेकलेली असते.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की आम्ही ऑक्टोबरात पेरलं आणि उगवलंही. उगवणारच. रायग्रास हे गवत म्हणजे चिवट गडी, १० अंशांतही कोंब काढतं. मुद्दा उगवण्याचा नसून तग धरण्याचा आहे. उजेड नाही म्हणजे अन्न नाही, अन्न नाही म्हणजे मूळ खोल जात नाही. त्यातच मेपलची ताटाएवढी पानं गळून ओली गादी होते. ती झाडून काढावी तर कोवळी रोपं उपटून येतात, ठेवावी तर कुजतात. मोकळ्या उरलेल्या जागेवर मॉस (शेवाळ) आणि पोआ अ‍ॅन्युआ हे तणगवत निवांत पसरतं. त्याला हाच गारवा, हीच ओल मानवते. नोव्हेंबरात दिसलेली हिरवी लव मार्चमध्ये शोधावी लागते. मग पुढल्या ऑक्टोबरात पुन्हा बी. विदर्भ-मराठवाड्यात दुबार पेरणीने शेतकरी बुडतो, इथे ती हौसेने दरवर्षी केली जाते.

पाण्याचा आक्षेप मात्र वजनदार आहे. ऊब आणि उजेड असताना, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरायचं, तर नळी हातात घ्यावीच लागेल, आणि त्या दिवसांत पाणी महाग. पण हिशोब करून पाहू. १००० चौरस फुटांवर रोज ३ मिलिमीटर शिंपण म्हणजे सुमारे २८० लिटर. वीस दिवसांचे साडेपाच हजार लिटर. तेच लॉन दहा आठवडे आठवड्याला २५ मिलिमीटर देऊन उन्हाळाभर हिरवं राखायचं, तर तेवीस हजार लिटर जातात. ज्याला पाण्याची चिंता आहे त्याने उन्हाळ्यात गवत तपकिरी होऊ द्यावं आणि ते पाणी पेरणीला वापरावं. तपकिरी म्हणजे मेलेलं नव्हे. एक काडी बुडाशी सोलून पाहा: आतला गाभा पांढरट आणि घट्ट असेल तर ती झोपलेली आहे, पावसाने आपोआप उठेल. तिथे बी टाकायची गरजच नाही. निम्मी पेरणी या तपासणीनेच वाचते.

आता ‘फेकून द्या’. जुन्या लॉनच्या बुडाशी मेलेल्या काड्या-मुळांचा, स्पंजसारखा दाबणारा थर असतो, त्याला थॅच म्हणतात. त्यावर पडलेलं बी फुगतं, पांढरं मूळ सोडतं, पण मूळ मातीपर्यंत पोचत नाही. दुपारच्या उन्हात तिथेच वाळतं. म्हणून आधी गवत इंचभर उंच राहील इतकं कापायचं, दातेरी रेकने थॅच ओरबाडायचा आणि एरेटर फिरवायचा. तो बोटाएवढ्या मातीच्या गुंडाळ्या बाहेर टाकतो. हे काम वाफशावर व्हावं: माती मुठीत धरली तर गोळा व्हावा, बोटाने टिचकी मारली तर फुटावा. नोव्हेंबरातल्या चिखलात तो फुटत नाही, नुसता लोळतो. नंतर १००० चौरस फुटांना साधारण दोन किलो रायग्रास आणि वर कंपोस्टचा पातळ थर.

पिशवीवरचं मिश्रणही वाचावं. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच मिश्रणांत केंटकी ब्ल्यूग्रास असतं. अंतर्भागात ते राजा, पण कॅस्केड पर्वताच्या पश्चिमेला फार वर्षं टिकत नाही. शिवाय रायग्रास पाच-दहा दिवसांत उगवतं, ब्ल्यूग्रास दोन ते चार आठवडे घेतं. हिरवं दिसताच पाणी बंद केलं, तर ब्ल्यूग्रासचे पैसे मातीत गेले. देवदाराच्या दाट सावलीत रायग्राससुद्धा हरतं. तिथे बारीक पात्याचं फाइन फेस्क्यू लावावं, नाहीतर सरळ गवताचा नाद सोडावा. मॉसला तिथे आपल्यापेक्षा जास्त हक्क आहे.

तेव्हा सप्टेंबर हातचा गेला असेल तर पाऊस बघून हात शिवशिवू देऊ नका. बियांची पिशवी तोंड बांधून कोरड्या, गार जागी ठेवा आणि एप्रिलच्या मध्यावर माती वाफशावर आली की पेरा. मात्र मग पहिला उन्हाळाभर पाणी द्यावं लागेल.