सागरी मत्स्यालयातील शैवाल नियंत्रण

घरगुती सागरी मत्स्यालयात, म्हणजेच खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत, नको असलेल्या शैवालाची वाढ मर्यादेत ठेवण्याच्या उपायांना शैवाल नियंत्रण म्हणतात. अशी वाढ हा पाण्यात साठलेल्या नायट्रेट, फॉस्फेट इत्यादी पोषकद्रव्यांचा दृश्य परिणाम असतो. त्यामुळे शैवाल नुसते खरवडले किंवा औषधाने मारले, तर ते काही आठवड्यांत पुन्हा उगवते. दुसरीकडे, पोषकद्रव्ये शून्यावर आणण्याचा अट्टहास केल्यास डायनोफ्लॅजेलेट हा अधिक चिवट उपद्रव सुरू होऊ शकतो. शैवालाचा अंशही नसलेली सागरी टाकी व्यवहारात आढळत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये.

निसर्गातील स्थिती

प्रवाळभित्तींभोवतीच्या उष्ण समुद्रात पोषकद्रव्ये अत्यल्प असतात आणि जे शैवाल उगवते ते मासे, शंख व सी-अर्चिन सतत खात असतात. या चरण्याचे महत्त्व कॅरिबियन समुद्रात स्पष्ट झाले. १९८३-८४ मध्ये तेथील डायाडेमा जातीचे लांब काट्यांचे सी-अर्चिन साथीच्या रोगाने ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात मेले. अतिमासेमारीमुळे शैवालभक्षक मासे आधीच विरळ झाले होते आणि १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळांची मोडतोड केली होती. परिणामी जमैकाच्या भित्तींवरील जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९७० च्या दशकातील सुमारे ५० टक्क्यांवरून १९९० च्या दशकाच्या आरंभी ५ टक्क्यांच्या खाली आले आणि मोकळ्या झालेल्या जागी शैवाल माजले. घरातील टाकीत हाच प्रकार काही आठवड्यांत घडू शकतो, कारण तेथे माशांना अन्न रोज बाहेरून घातले जाते, पण त्याचे अवशेष वाहून नेणारा समुद्र नसतो.

प्रमुख प्रकार

नव्या टाकीत प्रथम डायटमांचा तपकिरी थर वाळूवर व काचेवर पसरतो. तो सिलिकेटवर पोसला जातो आणि सिलिकेट संपताच बहुधा आपोआप ओसरतो. त्यानंतर डर्बेसिया व तत्सम हिरवे केसाळ शैवाल येते. पिसासारख्या फांद्यांचे ब्रायॉप्सिस त्याच्यासारखेच दिसते, परंतु बहुतेक शैवालभक्षक त्याला तोंड लावत नाहीत. व्हॅलोनियाचे हिरवे चकचकीत फुगे खडकाच्या फटीत वाढतात. ते खडकावरून अलगद, न फोडता काढण्याचा प्रघात आहे. लालसर-जांभळा बुळबुळीत पापुद्रा हे शैवाल नसून सायनोबॅक्टेरिया होत, तरी नवशिक्यांच्या तक्रारींत त्यांचा क्रमांक वरचा असतो. गुलाबी-जांभळे, दगडासारखे कठीण कोरलाइन शैवाल मात्र हवेहवेसे मानले जाते. ते पृष्ठभाग व्यापते आणि इतरांना जागा उरू देत नाही.

पोषकद्रव्यांचे स्रोत

नळाचे पाणी हा सर्वांत दुर्लक्षित स्रोत होय. बाष्पीभवनात केवळ शुद्ध पाणी उडून जाते, क्षार व पोषकद्रव्ये टाकीतच राहतात. समजा, २०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडते आणि ती तूट लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याने भरली जाते. तर रोज २० मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याकाठी लिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅम नायट्रेट नुसत्या भरणीतून जमा होते. म्हणून आरओ व त्यापुढे डीआय टप्प्यातून गेलेले पाणीच वापरावे, असे बहुतेक जाणकार सांगतात. थेट समुद्राचे पाणी आणण्यातही धोका आहे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्या-ओढ्यांच्या पाण्यामुळे किनाऱ्यालगतची क्षारता घटते, पाणी गढूळ होते आणि त्यात जमिनीवरील पोषकद्रव्ये मिसळतात.

दुसरा स्रोत अर्थातच अन्न. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच घालावे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि क्वचितच पाळला जातो.

चाचणीच्या आकड्यांबाबत एक गफलत नेहमी होते. टाकी केसाळ शैवालाने भरलेली असताना फॉस्फेट शून्य दिसू शकते, कारण पाण्यात येणारे फॉस्फेट शैवाल लगेच शोषून घेते. शिवाय चुनखडीयुक्त खडक व वाळू फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातील प्रमाण घटले की ते हळूहळू सोडतात. त्यामुळे जुन्या टाकीत सुधारणा दिसण्यास महिने लागतात.

नियंत्रणाच्या पद्धती

हाताने उपटणे, घासणे आणि सुटलेले तुकडे सायफनने बाहेर काढणे हा पहिला आणि आजही सर्वांत परिणामकारक उपाय आहे. काढलेल्या शैवालाबरोबर त्यात साठलेली पोषकद्रव्येही टाकीबाहेर जातात. नायट्रेट ४० मिलिग्रॅम असताना २५ टक्के पाणी बदलले, तर ते ३० वर येते आणि दुसऱ्या बदलानंतर २२.५ वर. फॉस्फेट मात्र खडकातून परतत असल्याने या हिशोबाने उतरत नाही. त्यासाठी दाणेदार फेरिक ऑक्साइड वापरतात, पण तेही बेताने. फॉस्फेट एकाएकी घसरल्यास प्रवाळांना इजा होते. प्रवाळ असलेल्या टाकीत नायट्रेट साधारण २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवण्याची शिफारस आढळते.

प्रोटीन स्किमर हे उपकरण बारीक बुडबुड्यांच्या फेसातून सेंद्रिय द्रव्ये कुजण्यापूर्वीच बाहेर काढते. याउलट, शैवालाचाच शैवालाविरुद्ध उपयोग करण्याची युक्ती अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर अॅडी यांनी पुढे आणली. यात वेगळ्या, प्रखर उजेडाच्या जाळीवर शैवाल मुद्दाम वाढवून ठरावीक काळाने खरवडून टाकतात. घरगुती टाक्यांत त्याऐवजी जोडटाकीत कीटोमॉर्फा हे दोऱ्यासारखे शैवाल ठेवतात. जोडटाकीचा दिवा रात्री लावल्यास पीएचमधील चढउतारही कमी होतो.

शैवालभक्षकांत ट्रोकस व टर्बो शंख, लहान सी-अर्चिन, सलारियास हा ब्लेनी मासा आणि पिवळा टँग प्रसिद्ध आहेत. यांतील टँग पोहण्यास मोठी जागा मागतो. शंभर लिटरच्या टाकीत केवळ शैवालासाठी त्याला कोंडणे हा त्या माशावर अन्याय आहे. शिवाय शैवाल संपल्यावर या सर्वांना वेगळा आहार द्यावा लागतो. तो न मिळाल्यास ते उपाशी मरतात आणि त्यांची मृत शरीरे पाण्यात नव्याने भर घालतात.

परदेशी मार्गदर्शनात जिवंत खडक व प्रवाळ गृहीत धरलेले असतात. भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावरून प्रवाळखडक उचलणे गुन्हा ठरतो.

रासायनिक उपाय व धोके

तांबेयुक्त शैवालनाशके शंख, कोळंबी व प्रवाळांना घातक असून सागरी टाकीत वर्ज्य मानली जातात. ब्रायॉप्सिसवर फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा गुण येतो. परंतु शैवाल एकदम मेल्यास कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो आणि बांधलेली पोषकद्रव्ये मोकळी होतात. सायनोबॅक्टेरियांवर प्रतिजैविके वापरल्यास टाकीतील उपयुक्त जीवाणूंनाही फटका बसू शकतो.

डायनोफ्लॅजेलेटांच्या बाबतीत बहुतेक उपाय उलटे करावे लागतात. नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्याजवळ गेले की तपकिरी, तारा सुटणारा आणि हवेचे बुडबुडे धरणारा चिकट थर पसरतो. अशा वेळी पाणी बदलणे थांबवून पोषकद्रव्ये थोडी वाढवतात. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, म्हणून त्याच्यावर अतिनील दिवा चालतो; वाळूत दडणाऱ्या अॅम्फिडिनियमवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. ऑस्ट्रिऑप्सिसच्या विषाने शंख मरतात. त्यामुळे शैवाल समजून नवे शंख आणून सोडणे म्हणजे त्यांचा बळी देणे होय.

काढलेल्या शैवालाची विल्हेवाट

१९८४ मध्ये मोनाको येथील सागरविज्ञान वस्तुसंग्रहालयाच्या पायथ्याशी असलेल्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयी शैवालाचा सुमारे एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. हे शैवाल तुटलेल्या तुकड्यांतून वाढते. पुढील काही वर्षांत ते फ्रान्स, इटली, स्पेन व क्रोएशियाच्या किनाऱ्यांवर पसरले आणि तेथून ते हटविता आलेले नाही. २००० मध्ये कॅलिफोर्नियातील अॅग्वा हेडिओंडा खाजणात तेच सापडले. तेथे मात्र ताडपत्र्या अंथरून त्याखाली क्लोरीन सोडण्यात आले आणि सुमारे ७० लाख डॉलर खर्चून २००६ मध्ये निर्मूलन जाहीर झाले. टाकीतून काढलेले शैवाल म्हणूनच गटारात, खाडीत किंवा समुद्रात न टाकता पूर्ण वाळवून अथवा गोठवून मगच कचऱ्यात टाकतात.