फुलपाखराचा डोळा आणि जांभळ्यापलीकडील प्रकाश

निळ्या फुलावर फुलपाखरूं उतरलें कीं, त्यानें निळा रंग पाहिला, असें माणूस सहज म्हणून जातो. परंतु हें सिद्ध कसें करावयाचें? मुक्या जीवाला साक्ष देतां येत नाहीं.

फुलांचे रंग कीटकांना बोलावण्यासाठींच असतात, असें जर्मनींतील स्प्रेंगेल यानें १७९३ सालीं प्रतिपादिलें. सुमारें १२० वर्षांनीं म्यूनिकचा नामांकित नेत्रवैद्य हेस यानें या मतावरच घाव घातला. वर्णपटाच्या उजेडांत कीटक हिरवट पट्ट्यांत गोळा होतात. पूर्ण रंगांध माणसालाही तोच भाग सर्वांत तेजस्वी दिसतो. सबब कीटक रंगांध होत, असा त्याचा दावा. तो खरा असता, तर फुलांची सारी रंगसंपत्ति कीटकांपुरती व्यर्थ ठरली असती.

मधमाशीपुरतें उत्तर १९१४ सालीं फ्रिश यानें दिलें. करड्या रंगाच्या अनेक छटांचे कागद मांडून त्यांत एकच निळा ठेवला व त्यावर साखरपाण्याची संवय लावली. पुढें साखरपाणी काढून घेतलें, तरी माशा निळ्यावरच येत. केवळ उजेडाची पारख असती, तर एखाद्या तरी करड्या कागदानें त्यांना फसविलें असतें. हेसचा दोष प्रश्न विचारण्यांतच होता. कोंडलेला जीव सुटकेसाठीं उजेडाकडे धांवतो, त्या वेळीं तो रंग कशाला निवडील?

फुलपाखरांची बाजू डोरा इल्झे या विदुषींनीं १९२८ सालीं मांडली. त्यांचें १९३७ सालचें निरीक्षण तर निर्णायकच म्हणावें लागेल. कोबीवरील पांढरें फुलपाखरूं भुकेलें असतां निळ्यापिवळ्या कागदांकडे वळतें, हिरव्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. तेंच अंडीं घालण्याच्या वेळीं हिरव्या कागदावर बसून पुढच्या पायांनीं ठोके देतें. याच इल्झेबाईंनीं पुढें पुणें विद्यापीठांत वैद्य यांच्यासह, लिंबाच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखराची रंगीत कागदांवर परीक्षा घेतली. तो निबंध १९५६ सालीं प्रसिद्ध झाला.

राहिला माणसाला न दिसणारा, जंबुपार प्रकाश. त्याविषयींची जुनी साक्ष मुंगीची आहे. वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जेथें मानवी डोळ्याला काळोखच भासतो, तेथें ठेवलेले कोश मुंग्या उचलून नेतात, असें इंग्लंडांतील लबक यानें १८८२ च्या ग्रंथांत नमूद केलें. माणसाच्या डोळ्यांतील भिंगच हे किरण बहुतांशीं अडवितें. फुलपाखराच्या संयुक्त डोळ्यांतील प्रत्येक नेत्रिकेंत नऊ प्रकाशग्राही पेशी असतात. जपानांतील पॅपिलिओ झुथस या फुलपाखराच्या डोळ्यांत अशा पेशींचे निदान सहा प्रकार आढळले आहेत. माणसाच्या रंगपेशींचे तीनच. म्हणून त्याचें रंगज्ञान दुप्पट, असा हिशेब मात्र करूं नये. आरिकावा व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं दाखविलें कीं, मध शोधतांना रंग ओळखण्याच्या कामीं त्यांतील चारच प्रकार येतात. त्या चारांत जंबुपार प्रकाशाची पेशी आहे.